नमुन्याचं घोंगडं

गॅलाशील्सला, जुन्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर
उत्तरेच्या खिडकीशी दोन हातमाग उरलेत.
खाली आता गाद्यांचं दुकान आहे.
एल्स्पेथ लेडलॉ पहिल्याच दिवशी म्हणाली,
रंगांचं चक्र पाठ आहे ना? छान.
आता ते खिशात ठेव आणि सूत गुंडाळ.

मी उभे बारा पट्टे ताणले.
हळदी, शेंदरी, किरमिजी, जांभळा,
मग निळे, मग हिरवे,
आणि शेवटी पारवा, कारण तो कुणालाच नको होता
आणि त्याचे कोन भिंतीशी ढिगानं पडले होते.
मग तेच बारा आडवे, त्याच क्रमानं.
एकशे चव्वेचाळीस चौकोन.
इथे प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ पडते,
एकदा हा उभा, एकदा तो.
फक्त कर्णावर जो तो स्वतःलाच भेटतो
आणि तेवढ्याच तेरा बोटं तिरक्या वाटेवर
चक्रातल्यासारखा दिसतो.

लाल आणि हिरवा शेजारी ठेवले
तेव्हा कडेकडेनं थरथरले,
मला डोळे चोळावे लागले.
एकमेकांतून विणले तर चिखल.
नोव्हेंबरातला, फाटकाजवळचा, मेंढ्यांनी तुडवलेला.
मी उसवायला बसले.
दहा पावलं मागे जा, एल्स्पेथ म्हणाली.
नवव्या पावलाला पाठ हीटरला लागली
आणि चिखलाची टेकडी झाली,
सुकलेल्या नेच्यांची, आइल्डनच्या उतारावर असते तशी.
पुढे आले, पुन्हा चिखल.
सकाळभर मी अशी मागेपुढे करत राहिले.
घोंगडं तसंच भिजत पडलं.

गुरुवारी रॅब हिस्लॉप येतो.
एक्केचाळीस वर्षं याच गिरणीत नमुने विणले त्यानं.
ओटच्या बिस्किटांचा डबा मागावर ठेवून विचारतो,
यातलं सगळ्यात मोठ्यानं कोण बोलतंय?
मी किरमिजीवर बोट ठेवलं.
तो मला दिसत नाही, म्हणाला.
म्हणजे?
म्हणजे तो आणि तो तिकडचा हिरवा, मला एकच.
जन्मापासून.
मालकाला कधी कळलं नाही.
डोळे अर्धे मिट, बाई. अजून. पापण्यांतून बघ.

मी बघितलं.
किरमिजी विझला, हिरवा विझला,
दोघं एकाच काळोखात बसले होते.
आणि जांभळ्यावरचा हळदी,
ज्याच्याकडे मी आठवडाभर पाहिलंच नव्हतं,
तो दारावर थापा मारत होता.

त्या दुपारी मी पारव्याचा धागा कापून काढला,
दोन ठिकाणचा.
शेंदरीशेजारी तो निळसर होता, शपथेवर सांगते,
आणि निळ्याशेजारी उबदार, जरासा गव्हाळ.
तळहातावर दोन्ही तुकडे ठेवले.
एकच.
ट्यूबलाइटखाली एकच, खिडकीशी एकच.
एल्स्पेथ हसली नाही. पुस्तकात आहे हे, एवढंच म्हणाली,
मलाही खरं वाटलं नव्हतं.

रॅबला विचारलं, मग एवढी वर्षं
सूत ओळखायचास कसं?
नॅन, तो म्हणाला.
त्याची बायको खाली कोन भरायच्या खात्यात होती.
कुणी बघत नसताना
लाल धाग्याच्या टोकाला एक गाठ मारायची,
हिरव्याच्या टोकाला दोन.
लग्नाआधीपासून.
मी तिला सांगितलं नव्हतं बरं का,
तिनं एकदा मला चुकीचा कोन उचलताना पाहिलं
आणि दुसऱ्या दिवशी गाठी.

बोलता बोलता त्याची बोटं
माझ्या हिरव्या सुताच्या टोकाशी होती.
एक गाठ. दुसरी.
त्याला कळलंही नसावं.
हिरवाच होता, मी विचारणार होते कसा ओळखलास,
मग लक्षात आलं की कोनावर चिठ्ठी आहे,
माझ्याच अक्षरातली.

आणि पारव्याला?
काय पारव्याला?
नॅन किती गाठी मारायची?

रॅबनं डबा बंद केला.
गाठ नसली की पारवा, म्हणाला,
आणि टोपी शोधू लागला.